हार्डडिस्क मेली होती, दर्यापूरच्या या दुकानानं लॅपटॉपही वाचवला आणि बचत गटांचा हिशोबही

मार्च महिन्यात माझा लॅपटॉप या दुकानात दुरुस्त झाला त्याबद्दल लिहून राहिली आहे, थोडं लांब होईल पण ज्यांचं पोट लॅपटॉपवर आहे त्यांनी पूर्ण वाचा. मी दर्यापूर तालुक्यातली, आमचं गाव खारपाणपट्ट्यात येते, घरच्या ओसरीतच टेबल टाकून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते, टायपिंग करते, लग्नपत्रिका बनवते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावातल्या ११ बचत गटांचा हिशोब माझ्या लॅपटॉपवर आहे. कोणी किती भरले, कोणाचं कर्ज किती बाकी, व्याज किती, सगळं एक्सेलमध्ये. बाया माझ्याकडे विश्वासानं पाहतात की ताईच्या कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे आहे.

फेब्रुवारीपासूनच लॅपटॉप इतका मंद झाला होता की चालू करून मी चहा ठेवायला जायची आणि चहा पिऊन आली तरी तो गोल गोलच फिरत राहायचा. टास्क मॅनेजर उघडलं की डिस्क १०० टक्के, म्हणजे डिस्कवर पूर्ण ताण. मला वाटलं जुना झाला, २०१९ चा आहे, असंच असेल. मग एक दिवस ऐन हरभरा काढणीच्या दिवसात, ओसरीवर चार बाया अर्ज घेऊन बसलेल्या, दुपारी लाईन गेली, आली, आणि नंतर चालू केला तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, की बूट करायला डिव्हाइसच सापडत नाही. चार वेळा बंदचालू केला, तेच. माझे हातपाय गार पडले खरंच. मार्च एंड तोंडावर, गटांचे हिशोब द्यायचे, आणि माझ्याकडे पूर्ण प्रत कुठेच नाही.

आमचे हे दुसऱ्या दिवशी शेत सोडून माझ्यासोबत निघाले. आधी आम्ही एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो, नाव नाही घेत. तिथं पाच मिनिटं पाहून सांगितलं की हार्डडिस्क गेली, नवी टाकतो, विंडोज मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मी म्हटलं डेटा? तर म्हणे डेटा विसरा. मी म्हटलं जुनी डिस्क द्याल ना परत, तर म्हणे खराब डिस्क तुमच्या काय कामाची, इथंच राहू द्या. इथं माझा जीव अडकला. त्या डिस्कमध्ये अर्ध्या गावाचे आधार, बँक पासबुक, सातबारा, जातीचे दाखले स्कॅन करून ठेवलेले आहेत, ते मी कोणाच्या भंगाराच्या डब्यात कसे सोडू. लॅपटॉप उचलला आणि परत निघालो. एसटीत माझ्या मावसबहिणीच्या मुलानं फोनवर सांगितलं की काकू दर्यापुरात त्या दादाकडे दाखवून पाहा, आमच्या शाळेचं त्यानंच केलं.

दुकान उलसंच आहे, एक काउंटर, मागे टेबलावर तीनचार उघडे लॅपटॉप, पंखा, बस. दादानं लॅपटॉप हातात घेतला पण चालू नाही केला. पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे का, "ताई, याच्यात काय काय आहे अन् त्यातलं कोणतं कागदावर नाही?" मी तिथंच खुर्चीवर बसली आणि सगळं सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं, गटांच्या फाइली पहिल्या नंबरवर, मग पत्रिकेचे डिझाइन, मग लोकांचे स्कॅन. कोणता प्रिंटर आहे, अंगठ्याचं मशीन कोणतं, मराठी कशात टाइप करते, हे पण तेव्हाच विचारलं. मला तेव्हा समजलं नाही की हे कशाला पाहिजे, नंतर समजलं.

मग विचारलं की आवाज कसा येत होता. मी म्हटलं घरघर. तो म्हणे, "घरघर चालते, टकटक येत असती तर मी चालू बी नसती केली." टकटक म्हणजे आतलं हेड, म्हणजे डिस्कच्या गोल थाळीवरून डेटा वाचणारा भाग, बिघडलेलं असते आणि जितक्या वेळा चालू कराल तितकी थाळी खरवडली जाते, ते काम मग लॅबमध्येच होते आणि त्याचे पैसे पण तसेच लागतात, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. आमच्या ह्यांनी विचारलं की आमच्या पुतण्यानं चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधली डिस्क तपासायची सोय, मारायला सांगितलं होतं ते करायचं राहिलं, तर दादा म्हणे बरं झालं राहिलं, मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क मारली की ती दुरुस्त करायच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहायला लागते, आधी माल बाहेर काढायचा मग घर झाडायचं.

डिस्क काढून त्याच्या कॉम्प्युटरला लावली आणि क्रिस्टलडिस्कइन्फो म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे ते दाखवलं. चांगली डिस्क असली की निळं दिसते, माझं पिवळं. त्यातले दोन आकडे बोट ठेवून समजावले, एक म्हणजे किती जागा खराब झाल्या म्हणून डिस्कनं स्वतःच बाजूला टाकल्या आणि दुसरा म्हणजे किती जागा वाचताच येऊन नाही राहिल्या. हे सॉफ्टवेअर मी जानेवारीत टाकून पाहिलं असतं तर तेव्हाच पिवळं दिसलं असतं आणि आरामात कॉपी करता आली असती, ही गोष्ट माझ्या मनाला खूप लागली. तुम्ही आजच पाहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

डेटा काढायला त्यानं विंडोज नाही वापरलं, पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टम, चालू केलं आणि डीडीरेस्क्यू म्हणून प्रोग्राम लावला. हा प्रोग्राम आधी जे सरळ वाचता येते ते भराभर उचलून घेते, अडलं की तिथं डोकं नाही आपटत, पुढं जाते आणि कुठं अडलं त्याची नोंद एका फाइलीत ठेवते, मग शेवटी त्या अडलेल्या जागांवर परत परत प्रयत्न करते. मधात लाईन गेली तरी नोंद असल्यामुळे जिथं थांबलं तिथून पुढं चालू होते. आमच्याकडे ही फार मोठी गोष्ट आहे. १ टीबीची डिस्क होती, दोन रात्री आणि एक दिवस लागला. तिसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, जवळपास सगळं निघालं, थोडंसं राह्यलं, त्यात तुमच्या गटाच्या दोन फाइली दिसून रायल्या, या पाहाले."

त्या दिवशी मी एकटीच गेली. दोन फाइली उघडतच नव्हत्या, आणि त्या दोन्ही सगळ्यात जुन्या गटांच्या, एकात तर माझी सासू सभासद आहे. मी दादाला म्हटलं की घरी एक बाहेरची डिस्क आहे, तिच्यात भाच्यानं मागच्या वर्षी काहीतरी बॅकअप घेतला होता, विंडोज इमेज की काय, मला त्याच्यातलं काही समजत नाही. तो म्हणे घेऊन या, सोनं असेल त्यात. दुसऱ्या दिवशी घेऊन गेली. त्याच्यात विंडोजइमेजबॅकअप नावाचं फोल्डर होतं. मला वाटलं आता हाच पूर्ण बॅकअप नव्या डिस्कवर टाकला की सगळं पहिल्यासारखं होईल. तसं होत नाही, ही इमेज परत टाकायला नवी डिस्क जुन्याइतकी किंवा जुन्याहून मोठी लागते, माझी जुनी १ टीबी आणि नवी घेतलेली एसएसडी, म्हणजे फिरत्या थाळीची नसलेली नव्या प्रकारची डिस्क, ५१२ जीबी, भरलेला डेटा १७० जीबीच असला तरी ते मानत नाही. पण दादानं दुसरी वाट काढली, त्या फोल्डरात आत व्हीएचडीएक्स नावाच्या मोठ्या मोठ्या फाइली राहतात, ती फाइल विंडोजमध्ये ड्राइव्हसारखी उघडता येते, अटॅच केली की पेनड्राइव्ह लावल्यासारखी दिसते. उघडली आणि माझ्या दोन्ही फाइली आतमध्ये, वर्षभर जुन्या पण सही सलामत. दुकानात तीन गिऱ्हाईक उभे होते आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. मधलं एक वर्ष मी बायांच्या पासबुकांवरून परत टाइप केलं, चार रात्री लागल्या, दोन्ही गटांचा हिशोब रुपयाला रुपया जुळला.

आता विंडोजचं सांगते कारण यात गावाकडे खूप फसवणूक होते. दोन वर्षांआधी लॅपटॉप मंद झाला म्हणून मी एका ठिकाणी ५०० रुपयात फॉरमॅट मारून घेतला होता, त्यांनी विंडोज १० प्रो टाकून दिलं होतं आणि मी खूश की बाई प्रो आलं. या दादानं सांगितलं की ते क्रॅक होतं, म्हणजे लायसन्स न घेता चोरून चालवलेलं. क्रॅक चालावं म्हणून अँटीव्हायरस बंद करून ठेवलेला होता आणि त्याच लॅपटॉपवर मी लोकांच्या बँकेची कामं करत होती. आणि खरी गोष्ट म्हणजे मला क्रॅकची गरजच नव्हती. लॅपटॉप विकत घेताना त्यात विंडोज १० होम ओरिजिनल आलेलं होतं, त्याचे पैसे मी २०१९ लाच दिलेले आहेत. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीवाले लायसन्सचा नंबर, म्हणजे की, मदरबोर्डमध्येच (लॅपटॉपच्या आतल्या मुख्य बोर्डात) टाकून देतात, आधी खाली स्टिकर राहायचं तसं आता नाही. म्हणजे हार्डडिस्क गेली, बदलली, फेकली, तरी तुमचं लायसन्स कुठं जात नाही, ते मदरबोर्डाजवळ आहे. फक्त जी आवृत्ती आली होती तीच टाकावी लागते, होम आली असेल तर होम, त्याच्यावर प्रो टाकलं की ते लायसन्स जुळत नाही आणि मग लोक क्रॅक मारतात. दुकानदार नवं लायसन्स घ्या म्हणून पैसे मागत असेल तर आधी हे विचारा.

माझ्यासमोरच टाकलं त्यानं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह बनवला, कमीत कमी ८ जीबीचा लागते, मी ३२ चा नेला होता, तो आता माझ्याच कपाटात आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, माझा प्रोसेसर ८ व्या जनरेशनचा आय-थ्री आहे म्हणून विंडोज ११ बसते, ७ व्याचा असता तर कंपनीच्या यादीत बसत नव्हता. आधीच्या क्रॅकवाल्यानं सगळं जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलेलं होतं, ते बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन विंडोज ११ साठी यूईएफआय या नव्या पद्धतीचं केलं, सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू केलं, नवी एसएसडी जीपीटी केली, हे शब्द मी लिहून आणले म्हणून सांगू शकते. टाकताना की विचारलीच नाही, होम आपोआप घेतलं आणि इंटरनेट लावल्यावर थोड्या वेळात सेटिंगमध्ये डिजिटल लायसन्सनं ॲक्टिव्हेट झालं असं आलं. मायक्रोसॉफ्टचं खातं माझ्या मोबाईल नंबरवरून बनवलं आणि पासवर्ड टाकायच्या वेळी दादा तोंड फिरवून उभा राहिला. या गोष्टीसाठी मी त्याला वेगळे मार्क देते.

एसएसडी ५१२ ची घेतली पण लॅपटॉपमध्ये ४७६ दिसते, मला वाटलं कमी दिली, तर तसं नाही, कंपनी १००० नं मोजते आणि विंडोज १०२४ नं मोजते म्हणून आकडा कमी येते. बिलावर एसएसडीचा सिरियल नंबर लिहून दिला, ३ वर्षांची वॉरंटी आहे.

आणि मग तो वहीतला पहिल्या दिवसाचा कागद काढला. विंडोज चालू झालं म्हणजे बहुतेक दुकानात काम संपते, लॅपटॉप हातात देतात आणि घरी आल्यावर आपल्याला समजते की काहीच चालून नाही राहिलं. माझ्या गटांच्या फाइली कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या आहेत. कृतिदेव हा फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत, नाही, आतमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच राहतात आणि फॉन्ट त्यांना मराठी दाखवते, म्हणून फॉन्ट नसला की "महा" लिहिलेलं ई-जी-के असं दिसते. पूर्ण यादी तशी दिसली असती तर मला वाटलं असतं की डेटा खराब निघाला. त्यानं जुन्या डिस्कच्या फॉन्ट फोल्डरमधून माझे सगळे फॉन्ट काढून आधीच टाकून ठेवले होते, पत्रिकेचे पण. सोबत विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड लावून दिला आणि म्हणे, ताई नवीन काम युनिकोडमध्ये करत जा, कुठंही उघडते, मोबाईलवर पण. ते मी शिकून राहिली आहे, बोटं अजून जुन्याच जागी जातात.

प्रिंटर माझा कॅननचा एलबीपी २९००, गावागावात हाच आहे, त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर टाकला आणि स्वतःच्या दुकानातल्या तसल्याच प्रिंटरवर एक पान काढून दाखवलं. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारच्या कामाला लागणारं सॉफ्टवेअर, दोन्ही टाकले, मशीन मी सोबत नेलं होतं म्हणून तिथंच अंगठा लावून पाहिला. तुम्ही पण नेत जा, नाहीतर परत चक्कर होते.

एक गोष्ट मला आधी कोणीच नव्हती सांगितली. विंडोज ११ नवीन टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं उघडलं की डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे आतल्या डेटाला कुलूप, आपोआप चालू होऊ शकते, माझ्यात चालू झालेलं होतं. चांगलंच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर लोकांचे आधार कोणाला दिसणार नाहीत. पण कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही झालं तर ४८ आकडी रिकव्हरी की मागते आणि ती नसली तर आपलाच डेटा आपल्यालाच बंद. की खात्यात ऑनलाइन राहते, तरी दादानं मला ती वहीत उतरवून घ्यायला लावली आणि एक एक आकडा मोठ्यानं वाचून तपासला. वही लोखंडी कपाटात आहे, पोथ्यांच्या खाली.

जुनी डिस्क त्यानं न मागता पिशवीत घालून परत दिली. म्हणे एक महिना ठेवा, सगळं मिळालं याची खात्री करा, मग फोडून टाका, आणि फोडताना पोत्यात गुंडाळा कारण लॅपटॉपच्या डिस्कची थाळी बहुतेक काचेची राहते. त्याच्या कॉम्प्युटरवर माझ्या डेटाची जी कॉपी होती ती पण आठ दिवसांनी मी गेली तेव्हा माझ्यासमोर पुसली. एप्रिलमध्ये आमच्या ह्यांनी डिस्क पोत्यात घालून घण मारला, आतून बांगड्या फुटल्यासारखा आवाज आला. माझ्या डोक्यावरचं ओझं तेव्हा उतरलं.

पैसे एसएसडीचे ३४००, डेटा काढायचे १२००, विंडोज आणि बाकी सगळं लावून द्यायचे ६००, एकूण ५२००. रॅम ४ जीबीच आहे, विंडोज ११ ला कमीत कमी तेवढीच लागते पण दादाचं म्हणणं ८ करा, आता भाव चढलेले आहेत म्हणून सध्या थांबली आहे. ५०० रुपयात फॉरमॅट मारणाऱ्याच्या मानानं जास्त वाटते, पण ५०० मध्ये मला काय मिळालं होतं ते वर लिहिलंच आहे. आधी चालू व्हायला चार चार मिनिटं लागायचे, आता चहाचं पातेलं गॅसवर ठेवायच्या आत चालू होते.

नाराजी पण लिहिते. तीन दिवस म्हटलं आणि सहा लागले, त्यातले दोन तरी टाळता आले असते, एसएसडी मागवायचीच उशिरा मागवली. फोन दुपारी उचलत नाही. दोन वेळा मी एसटीनं जाऊन दुकान बंद दिसलं, बाहेर पाटी पण नाही की केव्हा उघडणार, गावाकडून येणाऱ्या बाईमाणसाचा पूर्ण दिवस जाते त्यात, हे दादांनी समजून घ्यावं. बिल मागितल्यावर दिलं, न मागता द्यायला पाहिजे. म्हणून पाचातले चार स्टार देते, कामाला विचाराल तर पाचच.

आता दर शनिवारी संध्याकाळी मी बाहेरची डिस्क लावते, फाइल हिस्ट्री ही विंडोजमधलीच बॅकअपची सोय चालते, आणि गटांच्या फाइली गूगल ड्राइव्हवर पण टाकते, तिथं १५ जीबी फुकट आहे आणि एक्सेलच्या फाइली त्यात कुठंच भरत नाहीत. एसएसडीमधून चुकून पुसलेली फाइल परत काढणं जुन्या डिस्कपेक्षा अवघड असते, हे पण दादानंच सांगितलं, म्हणून शनिवार चुकवत नाही, लाईन नसली तर रविवारी सकाळी करते.

जाणार असाल तर सकाळी ११ च्या आधी फोन करून विचारून जा, चार्जर, प्रिंटरचं नाव, अंगठ्याचं मशीन, एक रिकामा पेनड्राइव्ह आणि घरात जुनी कोणती बॅकअपची डिस्क पडलेली असेल तर ती पण सोबत न्या, तुम्हाला ती बेकामाची वाटत असली तरी.